‘नाइस’चं कार्ड

सोमवार, २ फेब्रुवारी

आज कोशाच्या कचेरीतून ‘एन’चा गठ्ठा घरी आणला. बत्तीस शब्द, प्रत्येकाचं एक कार्ड. संपादकांनी स्वतः दोरी बांधून दिली आणि म्हणाले, "बाई, यातला एक शब्द तुमच्याशिवाय कुणाच्या हवाली करवत नाही." मला कुठला धीर! जिन्यातच उभी राहून दोरी सोडली. खाली बाइंडरचं दुकान आहे, खळीचा वास नाकात, हातात पर्स, छत्री आणि बत्तीस कार्डं. नवव्या कार्डावर होता तो. ‘नाइस’.

हसूच आलं. शाळेत आमच्या इंग्रजीच्या मदरनी या शब्दावर बंदी घातली होती. निबंधात तो दिसला की अर्धा मार्क गेला. "आळशी माणसाचा शब्द आहे हा," त्या म्हणत. "बाग नाइस, आई नाइस, केक नाइस. मग बागेत आणि केकमध्ये फरक तो काय राहिला?" पुढे छत्तीस वर्षं मी माझ्या वर्गांना हेच सांगितलं, बहुतेक त्यांच्याच आवाजात. मुली माझ्या मागे मला ‘लाल शाई’ म्हणायच्या. मला ठाऊक होतं. राग नाही आला कधी. खरं सांगायचं तर थोडी ऐटच वाटायची.

आता उतारवयात त्याच शब्दाला मराठीत घर शोधून द्यायचं आहे. शाळकरी मुलांसाठी छोटा इंग्रजी-मराठी कोश. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ‘एन’ छापायला जाणार.

बुधवार, ४ फेब्रुवारी

तिन्ही मोठे कोश टेबलावर उघडे पसरून बसले. चहा दोनदा गार झाला.

शब्दाचं मूळ लॅटिन, ‘नेस्कियस’. त्यातला ‘ने’ म्हणजे आपला ‘न’च, पुढचा भाग जाणण्याचा. न जाणणारा. आपण ‘अज्ञ’ म्हणतो, तसाच बांधलेला शब्द. तिथून जुन्या फ्रेंचमध्ये गेला तो बावळट म्हणून. इंग्रजीत आला तेव्हा, सातशे वर्षांपूर्वी, एखाद्याला नाइस म्हणणं म्हणजे खुळा म्हणणं. मग काही काळ छचोर. मग लाजाळू. मग नाजूक, चोखंदळ, ज्याला कशातच समाधान नाही असा. त्यातून काटेकोर, बारीकसा फरक ओळखणारा. आणि सुखद, छान हा अर्थ अगदी अलीकडचा, अडीचशे वर्षांचा. मायाळू तर त्याहूनही नंतरचा.

घरादाराने ओवाळून टाकलेलं कार्टं पुढे नाव काढतं, तसं झालं हे.

मराठीत मांडून पाहिलं: छान, चांगला, गोड, सुरेख, भला, मायाळू. ‘छान’ हाच त्याचा सख्खा भाऊ. तोही कुठेही जाऊन बसतो आणि तोही काही काम करत नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

संपादकांची नवी अट. प्रत्येक अर्थाला एक उदाहरण-वाक्य हवं आणि ते खरं हवं. कुणीतरी कुणाला तरी लिहिलेलं.

"मी रचून देते की," मी म्हटलं.

"नको. तुमची वाक्यं इस्त्री करून घडी घातल्यासारखी असतात, बाई. मुलांना चुरगळलेलं वाक्य लागतं. घरातली जुनी पत्रं काढा."

मला लागलंच ते. परतताना एकदम आठवलं: धाकटी! माझ्या धाकट्या बहिणीची पत्रं! लग्नानंतर दोन वर्षं ती मला इंग्रजीतून लिहीत असे आणि तिच्याकडे विशेषण एकच होतं.

आल्या आल्या पेटी उपसली. आईची पत्रं आहेत, मदरची आहेत, निरोपसमारंभातली भाषणं आहेत, गॅसची पावतीसुद्धा आहे. धाकटीचं एक नाही. मग लक्षात आलं. ती पत्रं माझ्याकडे नसणारच. प्रत्येक पत्र मी तपासून, लाल शाईने दुरुस्त करून, तिला परत पाठवत होते. तिला आपल्या चुका कळाव्यात म्हणून.

रविवार, ८ फेब्रुवारी

आज काम नाही केलं. तिचाच विचार डोक्यात.

ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिलाही कॉन्व्हेंटात घातली होती. दीड वर्ष गेली. मग आई अंथरुणाला खिळली आणि घरात कुणीतरी हवं झालं. माझं शेवटचं वर्ष होतं. "मोठीचं होऊ दे, मग धाकटीला परत घालू," असं ठरलं. परत कुणी घातलं नाही. मी घरी निबंध मोठ्याने वाचायची तेव्हा ती पीठ मळता मळता ओठ हलवायची, हे आठवतं. विसाव्या वर्षी तिचं लग्न झालं. मुलाकडचं घर मोठं, माणसं शांत. सगळे म्हणाले, नशीब काढलं पोरीने.

तिकडून इंग्रजीत पत्रं यायला लागली तेव्हा मला कोण आनंद झाला! म्हटलं, हिला शिकायचंय. तिचं राहिलेलं मी पोस्टाने पुरं करीन. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागलेले, शाळेने आवारातच खोली दिलेली. रात्रीच्या वह्यांबरोबर तिचं पत्रही तपासायची. दोन वर्षांनी पत्रं बंद झाली. संसारात रमली, दुसरं काय.

त्यानंतर आम्ही भेटलो नाही असं नाही. कार्यात, आजारपणात, आईबाबांच्या शेवटी. "बरी आहेस?" "बरी आहे." "तू?" "मी पण." माझं लग्न राहूनच गेलं, त्यामुळे माझ्याकडे सांगण्यासारखं फारसं नसायचं. तिच्याकडे काय होतं, मी विचारलं नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

धाकटीला फोन केला.

"कोण गेलं?" हे तिचं पहिलं वाक्य.

"अगं, कुणी गेलं नाही."

"मग तुझा फोन कसा? मी आपली सुई टोचून ठेवली आणि मन घट्ट केलं." ती एका कपड्यांच्या दुकानासाठी शिवण करते. नवरा जाऊन सहा वर्षं झाली, मुलगी दूरदेशी. त्याच घरात एकटी असते.

मी कोशाचं सांगितलं. पत्रं आहेत का विचारलं.

"आहेत ना. कशाला? राहिलेले मार्क द्यायचेत?"

"चेष्टा नको करूस. उदाहरणं हवी आहेत. नाइसची."

"त्याला मात्र माझ्यासारखं दुकान सापडायचं नाही तुला." हसली. मशीनचं चाक उगाच हाताने फिरवल्याचा आवाज येत राहिला. "ताई, पाठवते. पण वाचशील ना?"

"म्हणजे काय? मागवून घेऊन न वाचता ठेवीन होय?"

"तसं नव्हे गं," ती म्हणाली, आणि कसं ते सांगितलंच नाही. वय झालं की माणसं अर्धीच वाक्यं बोलायला लागतात.

सोमवार, १६ फेब्रुवारी

पार्सल आलं. जुन्या उशीच्या अभ्र्यात शिवून पाठवलं आहे, चारी बाजूंनी दुहेरी टीप. उसवायला अर्धा तास लागला. तेवीस पत्रं, तारखांप्रमाणे लावलेली.

काय पण गंमत! तिचं इंग्रजी जसं मोडकं आहे तसंच मराठीत उतरवते: ‘बस नाइस होती. दोन वेळा बंद झाली.’ ‘नवरा नाइस आहे. तो कमी बोलतो.’ ‘येथे मांजर नाइस आहे, ते माझे ऐकते.’ आणि प्रत्येक पत्राखाली सही: ‘तुझी नाइस बहीण.’ तीही मी प्रत्येक वेळी खोडली आहे. तेवीस वेळा.

माझंच अक्षर बघून जरा चपापले. केवढं टोकदार होतं! तिची निळी शाई फिकट झाली आहे, लाल जशीच्या तशी.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

काम झपाझप होतंय. ‘सुखद’साठी बसचं वाक्य घेतलं. ‘स्वभावाने भला’ या अर्थासाठी पाचव्या पत्रातलं: ‘सासूबाई नाइस आहेत. त्या सर्व पत्रे उघडतात. त्या विचारतात, हे काय आहे. मी सांगते, ताई मला शिकवते. मग त्या पाकीट बंद करतात.’ पहिलं वाक्य तेवढं घेतलं. पत्रं उघडायची पद्धत काही बरी नव्हे, पण त्या काळी ती होती काही घरांत. माझ्या शिकवणीचा मान राखत होत्या म्हणायच्या.

संपादकांना फोनवर वाचून दाखवलं. "हे पाहा! कसं जिवंत आहे. कोण हो ह्या?"

"माझी विद्यार्थिनी," मी म्हटलं. बहीण म्हणायला हवं होतं.

नंतरची पत्रं मात्र आखूड होत गेली आहेत. घाईत लिहिलेली. अक्षरही बिघडलं. तिथे मी शेरा मारला आहे: ‘नीटनेटकेपणा कुठे गेला?’

गुरुवार, १९ फेब्रुवारी

तेविसावं पत्र.

सकाळी वाचलं. आता संध्याकाळ आहे. कार्ड तसंच कोरं पडलं आहे. पत्र इथे उतरवून ठेवते, म्हणजे निदान एकदा तरी मी ते पुरं लिहिलेलं असेल.

‘प्रिय ताई, तू कशी आहेस. मी नाइस आहे. हवा नाइस आहे. दुपारी ते दार बाहेरून बंद करतात. खोली नाइस आहे. खिडकी नाइस आहे, झाड दिसते. ते सर्वांशी नाइस आहेत. माझ्याशी नाइस नाहीत. आई लिहिते, शाळेने तुला खोली दिली. ती नाइस असेल. मी येऊ? मी जागा घेणार नाही. मी टेबलाखाली झोपेन. मी स्वयंपाक नाइस करते. लवकर लिही. इंग्रजीत लिही. तुझी नाइस बहीण.’

प्रत्येक ‘नाइस’भोवती लाल गोल आहे. गोलांना नंबर घातले आहेत, एक ते नऊ. बाहेरून लावलेल्या त्या दाराआधी एक ‘द’ राहिला होता, तो मी बाण काढून घातला आहे. खाली शेरा: ‘एका पानात नऊ वेळा! दुसरे शब्द शोध. मागच्यापेक्षा सुधारणा. दहापैकी सहा.’

तारीख ११ मार्च. वार्षिक परीक्षेचे दिवस. चार वर्गांचे पेपर टेबलावर होते, त्यातच हे असणार. लाल पेन हातात असलं की मी वाचत नाही, तपासते. त्या पाकिटात मी वेगळं काही लिहून घातलं होतं का? सारखी आठवून बघते आहे. घातलं असतं तर तिने ते जपून ठेवलं असतं. तेवीस पत्रांच्या गठ्ठ्यात माझी चिठ्ठी एकही नाही.

दुसरे शब्द शोध म्हणे. तिच्याकडे होता तो एवढा एकच शब्द. बाकीचे माझ्याकडे होते.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

आठ दिवस फोन उचलायचा धीर झाला नाही. आज केला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. कागदाचा काही उपयोग झाला नाही.

"वाचलंस?" तिनेच विचारलं.

"वाचलं."

"हं."

"अगं, मी तेव्हा वाचलं नव्हतं."

"वाचलं नव्हतंस कसं? गोल कुणी काढले, पोस्टमनने?"

"मीच काढले. पण मला... मला ते दिसलंच नाही गं. मी नुसत्या चुका बघत होते. तू काय विचारते आहेस ते डोक्यात शिरलंच नाही."

मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी समजत होते, तू वाचलंस आणि नाही म्हणालीस."

"नाही गं..."

"थांब, बोलू दे. मी म्हणायची, बरोबर आहे तिचं. नवी नोकरी, एवढीशी खोली, नवऱ्याला सोडून आलेली बहीण घरात ठेवली तर मदर काय म्हणतील? तोंडावर नाही म्हणवेना, म्हणून मार्क देऊन पाठवलं. रागावले होते मी. खूप रागावले होते. पण ताई, त्यात तू निदान वाचलेलं तरी होतंस."

मी रडायला लागले. या वयात, फोनवर, हमसून. तिला ते ऐकवेना.

"गप गं. झालं ते होऊन गेलं. नंतर सासूबाई थकल्या, किल्ल्या माझ्याकडे आल्या. आता दार मी आतून लावते." मग म्हणाली, "ठेवते. दुकानाचा माणूस यायचाय," आणि ठेवलाच.

कुणी यायचा नव्हता. शुक्रवारी दुकान बंद असतं, तिनेच मागे सांगितलं होतं.

सोमवार, २ मार्च

कचेरीत गेले. कार्ड दिलं. सासूबाईंचं वाक्य काढून टाकलं होतं.

"ते का काढलंत? फार चांगलं होतं."

"ते खरं नव्हतं," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. मग पेन्सिलीने पहिल्या ओळीवर काट मारायला लागले. "आणि हा ‘न जाणणारा’ कशाला, बाई? चारशे-पाचशे वर्षांत कुणी वापरला नाही. मुलांचा कोश आहे. जागा कमी."

"राहू द्या."

"अहो, मेलेला अर्थ आहे."

"एवढा एक राहू द्या. मी बाकीच्या एकतीस कार्डांतून कुठूनही एक ओळ कमी करून देते."

माझा आवाज बहुधा वर्गातला लागला असावा. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "राहू द्या, बाई. ओळ कमी नका करू."

शुक्रवार, ६ मार्च

धाकटीचं पत्र आलं. मराठीत. तिचं मराठी अक्षर मी ओळखलंच नाही, इतकं वळणदार आहे. मी ते या आधी पाहिलेलं नव्हतं, हे आता लिहितानाच लक्षात येतंय.

‘ताई, आता घरात पाकीट फोडणारं कुणी नाही, म्हणून मराठीत लिहिते. तेव्हा इंग्रजी एवढीच जागा होती जिथे दुसरं कुणी येऊ शकत नव्हतं. ती दीड वर्षाची इंग्रजी मी कशी पुरवून पुरवून वापरली ते माझं मला माहीत.

तू फोनवर रडलीस ते मला आवडलं नाही. तुझ्यावर चिडून मी एकेचाळीस वर्षं काढली. त्या रागाचा मला फार आधार होता. दुपारी दार लागलं की मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडायची, वेळ बरा जायचा. आता तू म्हणतेस, कळलंच नव्हतं. मग तो राग मी ठेवू कुठे? फोन ठेवल्यापासून घरात इकडून तिकडे फिरते आहे, जागा सापडत नाही.

आता येऊ का, असं विचारणार नाही. गुडघे बस चढू देत नाहीत आणि इथली शिवण कोण करणार? तूही ‘मी येते’ असं आता लगेच नको म्हणूस. थोडे दिवस जाऊ देत. पण एक विचारायचं आहे. तुझी ती खोली मी कधी पाहिली नाही. मी मनाशी धरून चालले होते की खोली फार लहान असेल. तिथे दुसरी खाट मावली असती का? खरं सांग. मी मार्क देणार नाही.

तुझी बहीण.’

‘नाइस’ तिने या वेळी स्वतःच गाळलं आहे.

सोमवार, ९ मार्च

मागचे तीन दिवस उत्तर लिहायला बसते आणि उठते. पहिल्यांदा लिहिलं, ‘खोली खरंच लहान होती.’ तिला बरं वाटेल म्हणून. फाडलं. मग लिहिलं, ‘आता नीटसं आठवत नाही.’ तेही फाडलं.

आज शाळेत गेले. परीक्षा चालू होती, आवार चिडीचूप. पहारेकरी नवा आहे, ओळखेना. "इथे शिकवत होते, छत्तीस वर्षं," म्हटल्यावर किल्ली घेऊन पुढे झाला. मागच्या रांगेतली शेवटची खोली. आता अडगळीची आहे: मोडकी बाकं, एक गुंडाळलेला नकाशा, जुने फळे. खिडकी तीच. टेबलही तेच, पाय हललेला. टेबलाखाली पाहिलं. तिथे झोपायला कुणाला जागा झाली नसती. आडवी फळी आहे, मधोमध.

पर्समधून शिवणाची टेप काढली. पहारेकऱ्याला टोक धरायला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, काही सामान ठेवायचंय का?"

"नाही," मी म्हटलं. "नुसतं मापायचंय."

दोनदा मोजलं. खिडकीच्या भिंतीपासून टेबलापर्यंत आठ फूट चार इंच. लांबी अकरा फूट. माझी खाट तीन फुटांची होती. दुसरी तेवढीच ठेवली असती, तरी मधे दोघींना पाय खाली सोडून समोरासमोर बसायला दोन फूट चार इंच उरले असते.

मावली असती. घरी येऊन तेवढंच लिहिलं, निळ्या शाईने, आणि आकडे घातले. पाकीट आत्ताच टपालपेटीत टाकून आले.